आडवी काठी

कुत्र्यांवरची पुस्तके मी आयुष्यभर कुत्र्यावाचून वाचली. पोहण्यावरची पुस्तके गच्चीत बसून वाचावीत तसाच हा प्रकार. पण त्यात मला कधी काही वावगे वाटले नाही. साहित्याच्या प्राध्यापकाला अशी सवयच असते. समुद्र न पाहता सागरावरच्या कवितांवर तास घेतलेले अनेक सज्जन माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचे तास चांगले होत. गेल्या वर्षी मात्र फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत यॉर्कशरमध्ये मुलीकडे राहण्याचा योग आला. तिच्याकडे दहा महिन्यांचा एक कुत्रा होता आणि दर शनिवारी सकाळी त्याला एका वर्गाला न्यावे लागे. जावई शनिवारी कामावर. म्हणून सोबतीला मी. जाताना बॅगेत चार पुस्तके टाकली होती, चारही पूर्वी वाचलेली. त्यांतल्या दोहोंवर तर मी जाहीर व्याख्यानेही दिली होती. ती ज्यांनी ऐकली, त्यांची ह्या लेखात थोडी क्षमाही मागावयाची आहे.

कुत्र्याचे नाव मोती. आई मेंढ्या राखणाऱ्या कोली जातीची, वडिलांविषयी कागदपत्रांत मौन. इंग्रज शेजारी त्याला ‘मोटी’ म्हणत. आणि तो दोन्ही उच्चारांकडे सारखेच दुर्लक्ष करी. घरात त्याच्याशी सगळे मराठीत बोलत : बस, थांब, ये, सोड. ह्यांतला ‘सोड’ हा शब्द दिवसातून सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाई, आणि तो बहुतेक माझ्या डाव्या बुटाच्या संदर्भात. उजव्या बुटात त्याला रस का नव्हता, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मुलगी सांगे की चार महिन्यांचा असताना तो सगळे ऐकत होता, आणि मग एकाएकी त्याला कान असल्याचाच विसर पडला. ही तक्रार तिची एकटीची नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्री वयात येऊ लागली, सुमारे आठ महिन्यांची झाली, की त्यांना सांभाळणाऱ्या माणसाने ‘बस’ म्हटलेले ती ऐकेनाशी होतात. परक्या माणसाने म्हटले तर मात्र बसतात. मुलीने हे मला वाचून दाखवले आणि माझ्याकडे पाहिले. ती स्वतः चौदा वर्षांची असताना शेजारच्या काकूंचा शब्द खाली पडू देत नसे.

वर्ग भरे एका घोड्यांच्या रपेटीच्या शेडमध्ये. खाली वाळू, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. तिथे शिकवीत ती ॲजिलिटी. आपण तिला चपळाई म्हणू. कुत्र्याने आखून दिलेल्या क्रमाने अडथळे पार करावयाचे आणि माणसाने शेजारून धावत त्याला वाट दाखवावयाची. उड्या मारण्यासाठी दोन खांबांवर ठेवलेल्या आडव्या काठ्या असतात. कापडी बोगदे असतात, आपल्या बागेत असते तशी सीसॉ असते, अरुंद फळीचा उंच पूल असतो, दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून केलेले छप्पर असते. आणि एका रांगेत साठ साठ सेंटीमीटरवर रोवलेल्या बारा उभ्या काठ्या असतात. त्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जावयाचे, आणि तेही पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवूनच आत शिरावयाचे. माणसाने कुत्र्याला हात लावावयाचा नाही. गळ्यात दोरी नाही, हातात खाऊ नाही. स्पर्धेत, म्हणजे. वर्गात खाऊ भरपूर. माझ्या खिशात चीजचे इतके तुकडे असत की पुण्याला परतल्यावर धोब्यानेही विचारले.

ह्या खेळाचा जन्म मला फार आवडतो. १९७८ साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात क्रफ्ट्स हे कुत्र्यांचे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले होते. तिथल्या मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ रिकामा राही आणि प्रेक्षक कंटाळत. तो वेळ भरून काढण्याचे काम समितीतल्या जॉन व्हार्लींकडे आले. ते घोड्यांच्या दुनियेतले गृहस्थ. घोड्यांच्या उड्यांची शर्यत त्यांनी कुत्र्यांच्या मापाची करावयाची ठरवली आणि पीटर मीनवेल ह्या प्रशिक्षकाच्या मदतीने ती उभी केली. नाटकाचे नेपथ्य बदलेपर्यंत पडद्यापुढे कुणी एक पद म्हणून जावे आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्याच पदाची चर्चा व्हावी, तसे झाले. दोन वर्षांत, १९८० साली, केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली. १९९६ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. मूळ कार्यक्रम काय होता, हे आज किती जणांना आठवत असेल?

पण मला सांगावयाचे आहे ते आडव्या काठीविषयी. लहान कुत्र्याची हाडे पक्की झालेली नसतात, म्हणून सुरुवातीला काठी जमिनीवरच ठेवतात, मग वीतभर वर. पहिल्या शनिवारी मुलीने मोतीला वीतभर उंचीच्या काठीसमोर उभे केले, स्वतः पलीकडे गेली आणि ‘ये’ म्हणाली. मोतीने काठीकडे पाहिले. मग खांबाच्या डावीकडे पसरलेल्या विस्तीर्ण रिकाम्या वाळूकडे पाहिले. आणि तो त्या वाळूवरून, अगदी सभ्यपणे, फिरून तिच्याकडे आला. सगळे हसले. मी मात्र चमकलो. हे दृश्य मी पूर्वी वाचले होते.

टॉमस मानच्या ‘धनी आणि कुत्रा’ ह्या १९१९ सालच्या दीर्घकथेत ते आहे. ‘बुडनब्रुक्स’ लिहून झाले होते, ‘जादूचा पर्वत’ अजून पुरा व्हावयाचा होता. महायुद्धाने जर्मनी मोडून पडली होती. आणि हा माणूस म्यूनिकला इझार नदीच्या काठी आपल्या बाउशान नावाच्या कुत्र्याबरोबर फिरावयास जात होता आणि त्या फिरण्याचे वर्णन लिहीत होता. त्यात एके ठिकाणी तो सांगतो की बाउशान भिंतीवरून, खंदकावरून, फट नसलेल्या कुंपणावरून आनंदाने उडी मारतो. पण पुढे धरलेल्या काठीवरून मारीत नाही. कारण काठीच्या खालून जाता येते. ज्याच्या खालून जाता येते तो अडथळाच नव्हे, आणि जो अडथळा नव्हे त्यावरून उडी मारणे म्हणजे स्वतःच्या अकलेशी भांडण. गोंजारा, मारा, काही करा. शेवटी रागाने मानगूट धरून पलीकडे फेकलेत तर तो केकाटेल, आणि पलीकडे पडल्यावर जणू तुमचा हेतू सफल झाला अशा थाटात नाचेल. पण उडी मारणार नाही.

ह्या उताऱ्यावर मी व्याख्यानात पंधरा मिनिटे बोललो होतो. कलेचा अडथळा खोटा असतो, जीवनाचा खरा असतो, बाउशान हा वास्तववादी टीकाकार आहे, वगैरे. टाळ्याही पडल्या होत्या. यॉर्कशरच्या त्या शेडमध्ये, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, मला कळले की मी त्या उताऱ्यातले मुख्य वाक्यच ओलांडून गेलो होतो. मान कुत्र्याला मानगूट धरून फेकतो. नंतर स्वतःलाच हसतो, हे खरे; त्याचा विनोद नेहमी स्वतःपर्यंत येऊन पोहोचतो. पण बाउशानच्या नकारात आपल्या विचारण्याचा काही दोष असेल, हा प्रश्न त्याला शिवत नाही. नकार हा कुत्र्याचा स्वभाव आहे, आणि स्वभावाचे वर्णन करावयाचे, इतकेच लेखकाचे काम. ह्या कथेला त्याने ‘एक इडिल’ असे उपशीर्षक दिले आहे, आणि ती खरोखरच तशी आहे : नदी, झुडपे, सकाळचे ऊन, आणि धन्याचे अढळ धनीपण. वर्णन म्हणून कुत्र्याच्या शरीराचे ह्याहून सुंदर चित्र मी वाचलेले नाही. पाठीवरची थरथर, धावताना मागे पडलेले कान, झोपेत हलणारे पाय, सगळे डोळ्यांपुढे येते. तरी पुस्तक मिटताना मला ह्या वेळी प्रथमच वाटले की इथे दोघांपैकी एकालाच पाहिले जाते आहे.

वर्गाच्या बाई साठीच्या आसपासच्या, बोलण्यात तुटक. मोती वळसा घालून आला तेव्हा त्या मोतीला काहीच म्हणाल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, “तू काठीच्या रेषेत उभी नव्हतीस. तुझा खांदा वाळूकडे होता. तो तू दाखवलेल्या वाटेनेच आला.” मुलगी दीड पाऊल सरकली. मोती काठीवरून आला.

हे पाहून मला ॲकर्लेची आठवण झाली. जे. आर. ॲकर्ले म्हणजे बी. बी. सी.च्या ‘लिसनर’ साप्ताहिकाची साहित्याची पाने वर्षानुवर्षे सांभाळणारा साक्षेपी संपादक. आपल्याकडे छतरपूरच्या महाराजांच्या पदरी काही महिने काढून त्याने लिहिलेले ‘हिंदू हॉलिडे’ जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याचे ‘माय डॉग ट्यूलिप’ १९५६ साली निघाले. ट्यूलिप ही अल्सेशियन कुत्री. डॉक्टरांकडे नेली की कुणाला अंगाला हात लावू देत नाही. एकामागून एक डॉक्टर हरतात. अखेर एक बाई डॉक्टर भेटते आणि ॲकर्लेला खोलीबाहेर काढते. तो खिडकीतून पाहतो तो ट्यूलिप शांत उभी. बाई सांगते ते असे, की कुत्री गुणी आहे, अडचण तुम्ही आहात. तिचे तुमच्यावर प्रेम आहे आणि ती तुमचे रक्षण करते आहे.

कुत्र्यावरच्या साऱ्या साहित्यात ह्या प्रसंगाच्या तोडीचे फार थोडे असेल. एका वाक्यात कथेतला नायक बदलतो. ॲकर्लेचा मोठेपणा असा की तो हे वाक्य ऐकून घेतो आणि पुस्तकभर विसरत नाही. त्याचे लेखन सभ्य घरांत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे सर्वत्र नाही (ट्यूलिपच्या विवाहाच्या खटपटी आणि तिचे देहधर्म ह्यांना त्याने प्रकरणेच्या प्रकरणे दिली आहेत, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचू नयेत), पण त्याच्या नजरेत लबाडी कुठेही नाही. फक्त एक उणीव ह्या वेळी जाणवली. दोष माझा, हे कळल्यावर ॲकर्ले काही शिकत नाही. तो अधिक प्रेम करू लागतो, इतकेच. ट्यूलिप साऱ्या लंडनवर भुंकत राहते, आणि पाहुणे येईनासे होतात. दीड पाऊल सरकण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. किंबहुना, प्रेम असल्यावर विद्या कशाला, असे त्याला वाटत असावे. आपल्याकडच्या अनेक आईबापांनाही तसेच वाटते.

हे सारे सर्कशीसारखेच नव्हे काय, असे वाचक विचारतील. मीही बाईंना विचारले. विष्णुपंत छत्र्यांच्या काळापासून आपण मराठी माणसे सर्कशीचे शौकीन. उडी मारणारा कुत्रा आपल्याला नवा नाही. बाईंनी उत्तर दिले नाही. मला एका स्थानिक स्पर्धेला यावयास सांगितले. तिथे पाहिले ते असे. स्पर्धेपूर्वी माणसांना काही मिनिटे रिंगणात सोडतात, एकट्यांना. कुत्री बाहेर. पन्नास-साठ प्रौढ माणसे, त्यांत आजीबाई, पेन्शनर, एक पोट सुटलेले गृहस्थ, नसलेल्या कुत्र्यांना हात करीत, हवेत वळत, कोपऱ्यावर थबकत, पुटपुटत फिरत असतात. पाठांतर चाललेले असते. मग एकेक जण कुत्र्याला घेऊन येतो. कुत्र्याला नकाशा ठाऊक नाही. मांडणी प्रत्येक फेरीला नवी. त्याला ठाऊक आहे ते एकच : माणसाचे शरीर. खांदा कुठे, पाऊल कुठे, वेग वाढला की मंदावला. तोंडचा शब्द आणि शरीराची दिशा ह्यांत विसंगती आली की बहुतेक कुत्री शरीरावर विश्वास ठेवतात. सर्कशीतला कुत्रा रोज तेच करतो. हा कुत्रा दर वेळी नव्या मजकुराचे वाचन करतो, आणि मजकूर म्हणजे आपण. आपले अक्षर किती वाईट आहे, हे त्या दिवशी अनेकांना कळले. पोट सुटलेल्या गृहस्थांचे मात्र अक्षर मोत्यासारखे होते.

आणि नियमांच्या पुस्तकात एक शब्द आहे, ज्याने मला थांबवले. काठी पाडली तर पाच गुण दोषाचे. छपरावरून किंवा पुलावरून उतरताना शेवटच्या रंगीत पट्ट्याला पाय लागला नाही तर पाच. हा पट्टा बहुधा पिवळा असतो आणि कुत्र्याने उंचावरूनच उडी टाकून सांधे दुखावून घेऊ नयेत म्हणून असतो. आणि अडथळ्यासमोर कुत्रा थबकला, बाजूने गेला किंवा खालून गेला तर पाच. त्या दोषाचे नाव ‘नकार’. तीन नकारांनंतर फेरी बाद. म्हणजे बाउशानच्या त्या तत्त्वनिष्ठ वागण्याला इथे अधिकृत नाव आहे, रकाना आहे, पंचाने वर करावयाची मूठ आहे. दोष दिला जातो, हे खरे. पण तो जोडीला दिला जातो. कुणी मानगूट धरीत नाही.

तिसरे पुस्तक व्हिकी हर्नचे, ‘ॲडम्स टास्क’, १९८६ सालचे. हर्न ही कवयित्री आणि व्यवसायाने कुत्र्याघोड्यांची शिक्षिका. तिचा सिद्धांत थोडक्यात असा की शिक्षण म्हणजे भाषा देणे. ज्या कुत्र्याशी कुणी मनापासून बोलत नाही, ज्याला दिलेली आज्ञा देणाऱ्यालाच खरी वाटत नाही, त्याचे जग लहान राहते. आज्ञा करण्याचा अधिकार मिळवावा लागतो, आणि तो मिळाला की कुत्र्यालाही तुम्हांला काही सांगण्याचा अधिकार येतो. हे विचार मला अजूनही मोलाचे वाटतात. गोंजारणे म्हणजेच माया, असे समजणाऱ्या प्राणिप्रेमाला तिने जे फटके दिले आहेत ते योग्यच आहेत. सॉल्टी नावाच्या वर्षभराच्या पॉइंटर कुत्रीला ‘आण’ हा शब्द शिकवण्याचे तिचे प्रकरण तर एखाद्या रंगलेल्या बैठकीसारखे चढत जाते.

पण हर्न ही विल्यम केलरच्या संप्रदायातली. केलर म्हणजे डिस्नेच्या चित्रपटांतले प्राणी तयार करणारा प्रशिक्षक. त्याचे पुस्तक १९६२ चे, आणि त्यात गळपट्ट्याला जोरात हिसका देण्याला पर्याय नाही. कुत्रा अंगणात खड्डे खणत असेल तर खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवावे, असा त्याचा उपाय. हर्न तो सॉल्टीवर करते आणि त्याचे वर्णन करते ते खेळीमेळीने, उत्साहाने, जणू दोघी मिळून काही बागकाम करीत आहेत. माझ्या व्याख्यानात मी ह्या भागाला ‘कठोर करुणा’ म्हटले होते.

एका संध्याकाळी मी तो उतारा मुलीला वाचून दाखवला. ती मोतीच्या पायांतली वाळू काढीत होती. ऐकून म्हणाली, “हे तुम्हांला आवडतं, बाबा?”

मी म्हटले, “त्यातली शिस्त पाहा ना. राग नाही कुठे.”

“तेच तर,” ती म्हणाली. “पट्टीच्या वेळी तुम्हीही रागावलेले नसायचात. हसत असायचात.”

शुद्धलेखनाची पट्टी. दर ऱ्हस्वदीर्घाला एक, तळहातावर. फार जोरात नाही. मी ती पार विसरलो होतो. मारल्यानंतर मी “बघ, आता पुन्हा चुकणार नाही” असे हसून म्हणत असे, हेही तिनेच सांगितले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने मोतीचा दुसरा पाय हातात घेतला. मी पुस्तक उघडे धरून बसलो होतो, पण ओळ पुढे सरकेना.

त्यानंतर मी ते प्रकरण तीनदा वाचले. आता मला दिसते ते असे की हर्नच्या गद्यातला तो उत्साह हाच तिच्या विरुद्धचा पुरावा आहे. एरवी शब्दांच्या बाबतीत इतकी कसोशीची ही बाई इथे मात्र घाईने, मोठ्याने बोलते. सॉल्टी काय करते हे ती सांगते. सॉल्टीला काय होते हे, जे इतरत्र दहा पानांत ती इतक्या बारकाईने पाहते, ते ह्या खड्ड्यापाशी ती पाहत नाही. तिच्याच सिद्धांताप्रमाणे कुत्रीला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क हवा होता. पाण्यात तोंड असताना कुणाला काही म्हणता येत नाही. मी हा दोष एका विद्यार्थ्याच्या निबंधातून दोन मिनिटांत काढला असता. पुस्तकातून काढावयास वीस वर्षे लागली.

मोतीच्या वर्गात पट्टी नव्हती. चुकले की काहीच होत नसे. बरोबर आले की लगेच चीज. ही पद्धत गोड आहे, तशी ती अत्यंत कडकही आहे, कारण खाऊ क्षणभर उशिरा दिला तर कुत्रा भलतेच शिकतो. चूक माणसाची, दर वेळी. मुलगी घरी येऊन थकून बसे, मोती ताजातवाना.

चौथे पुस्तक डोना हॅरावेचे, किंवा खरे म्हणजे दोन : ‘द कम्पॅनियन स्पीशीज मॅनिफेस्टो’ (२००३) आणि ‘व्हेन स्पीशीज मीट’ (२००८). हॅरावे ही कॅलिफोर्नियातली विदुषी. आपल्या केयेन नावाच्या ऑस्ट्रेलियन शेफर्ड कुत्रीबरोबर ती हाच खेळ प्रत्यक्ष खेळली. म्हणजे चौघांत चपळाईच्या वाळूत पाय भरवलेली ही एकटीच. वडील क्रीडावार्ताहर होते, आणि ती त्याचा अभिमानाने उल्लेख करते. दुर्दैवाने वडिलांची सोपी वाक्ये मुलीकडे आली नाहीत. एकेका परिच्छेदात पाच पाच शास्त्रांची परिभाषा. वाचकाला त्या बारा काठ्यांतून नागमोडी पळवावे तसे होते, आणि प्रत्येक काठी निराळ्या विद्यापीठाची. पिवळ्या पट्ट्याला खेळात ‘संपर्काची जागा’ म्हणतात, आणि वसाहतींच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी दोन असमान समाज जिथे भेटतात त्या जागेलाही तेच नाव दिले आहे. ह्या योगायोगावर तिने एक अख्खे प्रकरण उभारले आहे. एरवी मी ह्याला शब्दांची कोटी म्हणून सोडून दिले असते. पण मोतीला त्या पट्ट्यावर पाय टेकवून थांबावयास शिकवताना मी तीन आठवडे पाहिले : वरून सुसाट आलेले कुत्रे, ज्याला पुढे धावावयाचे आहे, आणि खाली उभे असलेले माणूस, ज्याच्या हातात थांबवण्याचे दुसरे काहीही साधन नाही. त्या हातभर पट्ट्यावर कोण कुणाचे ऐकते, हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

आणि ह्या विदुषीच्या साऱ्या जंजाळात एक पान निखळ सोन्याचे आहे. तिचा मार्को नावाचा सहा वर्षांचा मानसपुत्र केयेनला शिकवू लागतो. प्रथम तो तिला दूरनियंत्रकावर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीसारखी वागवतो : बटण दाबले की हालचाल. तो मुलगा त्या वेळी कराटेही शिकत असतो. हॅरावे त्याला तिथला रिवाज आठवून देते. प्रतिस्पर्ध्यासमोर आधी थांबावयाचे, त्याच्याकडे पाहावयाचे, नमस्कार करावयाचा, मग हालावयाचे. कुत्रीसमोरही तसेच. तिने तुझ्याकडे पाहिल्यावाचून काही मागू नकोस. आणि मुलगा शिकतो. चारही लेखकांत कुणीतरी काही शिकल्याचे चित्र एवढेच, आणि शिकणारा सहा वर्षांचा. त्यानंतर ती पुन्हा परिभाषेत शिरते, पण ह्या एका पानासाठी मी तिला बाकीची तीनशे माफ करतो.

आपल्याकडे काय आहे? एकलव्याच्या गोष्टीत भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी भरले जाते, आणि आपण हजारो वर्षे नेमबाजीचे कौतुक करीत आहोत. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा अखेर कुत्रा नव्हताच. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पाळीव प्राणी’ने आम्हां कुत्रे नसलेल्यांची बाजू कायमची जिंकून दिली, पण त्या लेखात खरे चावतात ते मालक. शिकणारे कुत्रे, म्हणजे बरोबरीने काही काम करणारे, मला मराठीत आठवत नाही. मेंढपाळांची कुत्री रोज ते करीत आली आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारे आम्ही पेठांत राहत होतो. एक गोष्ट मात्र आहे. नामदेवांची कोरडी भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मी ती नेहमी सर्वाभूती परमेश्वर म्हणून शिकवली. वाळूच्या शेडमध्ये मुलीला मोतीच्या मागे, पुढे, बाजूने धापा टाकत धावताना पाहिले तेव्हा मला प्रथम त्या गोष्टीतले धावणे दिसले. पुढे कुत्रे आहे आणि मागे माणूस आहे. कुत्र्याला जावयाचे तिकडे ते चालले आहे, आणि माणसाच्या हातातली वाटी सांडू नये म्हणून त्याला फार नीट धावावे लागते आहे.

जुलैत मी परतलो. हिवाळ्यात मोतीची वाढ पुरी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि वर्गात काठी पहिल्यांदा पूर्ण उंचीवर, गुडघ्याच्याही वर चढवली. मुलीने त्या रात्री फोन केला. तिने आधी रेषेत पाऊल टाकले होते, खांदा बरोबर धरला होता, मोतीने तिच्याकडे पाहिले होते. मग ‘ये’ म्हटल्यावर तो सरळ आला.

“मारली उडी?” मी विचारले.

“खालून आला,” ती म्हणाली, आणि इतकी हसू लागली की पलीकडे मोतीही भुंकू लागला.